कोकणातला उन्हाळा आणि गोल्डफिशचं पाणी: पहिल्यांदाच मासे पाळणाऱ्यांसाठी

कोकणात उन्हाळ्यात रात्र गार होत नाही, आणि गोल्डफिशच्या टँकचं गणित नेमकं तिथेच बिघडतं. पुण्यात एप्रिलमध्ये दुपारी पारा ३८ च्या पुढे गेला तरी पहाटे २०-२२ पर्यंत उतरतो. दिवसभर तापलेलं टँकचं पाणी रात्रीत बरंच निवतं. रत्नागिरीला किंवा वेंगुर्ल्याला मे महिन्यात दुपारी ३३ आणि पहाटे २६-२७ असतं. आकडा पुण्यापेक्षा कमी दिसतो म्हणून लोक निर्धास्त राहतात. पण इथलं पाणी चोवीस तास २९ ते ३१ च्या मध्येच अडकून पडतं, आणि माशाला उसंत मिळत नाही.

गोल्डफिश हा मुळात थंड पाण्यातला मासा. चीनमध्ये हजार वर्षांपूर्वीपासून तो तळ्यांत आणि कुंड्यांत पाळला जातो. १८ ते २४ अंशांत तो खरा खुशीत असतो. २६-२७ पर्यंत कुरकुर करत नाही. सवय होत गेली तर ३० च्या वरही जगतो, पण ते तग धरणं असतं. म्हणून पहिल्याच दिवशी एक गोष्ट मनाशी पक्की करा: किनारपट्टीवर मे महिन्यात साध्या उपायांनी पाणी २४ वर आणता येणार नाही. ते २९-३० च्या खाली राखणं, त्यात भरपूर हवा खेळती ठेवणं आणि ते स्वच्छ ठेवणं, एवढं तुमच्या हातात आहे. हे तीन सांभाळले की मासे उन्हाळा काढतात. नुसत्या अंशांच्या मागे लागून हवा आणि स्वच्छता विसरलात, तर २८ अंशांतही मासे दगावतात.

आधी कारण समजून घ्या

गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो. २० अंशांच्या गोड्या पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशांना साडेसातच. घट फार वाटत नाही, पण त्याच वेळी माशाची गरज वाढलेली असते. मासा थंड रक्ताचा. पाणी १० अंशांनी चढलं की त्याच्या शरीरातला सगळा कारभार जवळजवळ दुप्पट वेगाने चालतो, श्वासही त्याच हिशेबाने लागतो. पुरवठा खाली आणि मागणी वर.

त्यात भर अमोनियाची. माशाच्या कल्ल्यांतून आणि विष्ठेतून अमोनिया पाण्यात उतरतो, आणि गोल्डफिश इतर शोभेच्या माशांपेक्षा घाण जास्त करतो. या अमोनियाचा काही भाग विषारी रूपात असतो आणि तो भाग तापमानाबरोबर वाढतो. पाण्याचा पीएच, म्हणजे पाणी किती आम्लधर्मी की अल्कधर्मी हे सांगणारा आकडा, ८ असेल तर २० अंशांना सुमारे ४ टक्के अमोनिया विषारी रूपात असतो, ३० अंशांना तोच साडेसात टक्क्यांच्या आसपास जातो. म्हणजे हिवाळ्यात जी थोडीशी घाण खपून गेली, तीच मे महिन्यात अंगाशी येते.

उरलेला चाराही उन्हाळ्यात लवकर कुजतो, आणि कुजताना पाण्यातला प्राणवायू खातो. 'गरमीने मासे मेले' असं आपण म्हणतो तेव्हा बहुतेक वेळा मासे गुदमरून किंवा अमोनियाने मेलेले असतात. उष्णतेने त्यांना त्या काठावर आणून ठेवलेलं असतं.

थर्मामीटर आणा, आजच

बोट बुडवून पाण्याचं तापमान कळत नाही. उकाड्यात ३१ अंशांचं पाणीही हाताला गारच लागतं. काचेचा साधा थर्मामीटर किंवा वायरला सेन्सर असलेला छोटा डिजिटल, दोन्ही चालतात आणि दोन्ही स्वस्त आहेत. काचेवर बाहेरून चिकटवायच्या पट्टीवर मात्र विसंबू नका. ती खोलीच्या हवेनेही बदलते.

सकाळी उठल्यावर एकदा आणि दुपारी चारच्या सुमारास एकदा आकडा बघा, आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या दिवसाच्या चौकटीत दोन्ही लिहा. आठवडाभरात तुमच्या टँकचा स्वभाव कळेल. सकाळचा आकडा जास्त महत्त्वाचा. दुपारी ३१ आणि सकाळी २७ असेल तर काळजीचं फार कारण नाही. सकाळीच ३० असेल, तर पाणी रात्री निवतच नाहीये आणि खाली दिलेले उपाय त्याच दिवशी सुरू करायचे.

जागा

टँक कुठे ठेवता यावर अर्धं काम होतं. जुन्या कौलारू घरात प्रश्न सोपा आहे: माजघर. जांभ्याच्या जाड भिंती, खिडक्या लहान, ऊन थेट येत नाही. ओटीवर किंवा पडवीत टँक छान दिसतो, येणारा-जाणारा कौतुक करतो, पण पश्चिमेकडून दुपारी तीननंतर तिरपं ऊन आत शिरतं ते काचेवरच. तासाभराचं थेट ऊन लहान टँकचं पाणी तीन-चार अंशांनी सहज चढवतं.

स्लॅबच्या घरात वरच्या मजल्यावर टँक ठेवायचा विचार सोडून द्या. तापलेला स्लॅब मध्यरात्रीपर्यंत उष्णता खाली सोडत राहतो. तळमजला, उत्तरेची किंवा पूर्वेची खोली, आणि टँक जितका खाली तितका बरा, कारण खोलीतली गरम हवा वर साठते. फ्रिजच्या मागची बाजू, इन्व्हर्टर आणि चुलीची भिंत यांच्यापासून दूर. जागा ठरवताना वजनाचाही विचार करा: दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच टँकमध्ये पन्नासेक लिटर पाणी मावतं, आणि काच, खडी, स्टँड धरून वजन सत्तर-ऐंशी किलोंवर जातं. भरल्यावर तो हलवता येत नाही.

गोल काचेचा बाऊल घेतला असेल तर तो फुलं ठेवायला वापरा. चार-पाच लिटर पाणी दुपारी बघता बघता तापतं, वर तोंड निमुळतं असल्याने हवेशी संपर्क कमी. जाड अंगाच्या, दुहेरी शेपटीच्या जाती, म्हणजे ओरांडा, रँचू, ब्लॅक मूर वगैरे, उष्णतेला आधी बळी पडतात. एका माशाला ७५-८० लिटर आणि पुढच्या प्रत्येकाला ४० लिटर हा हिशेब धरला तर उन्हाळ्यात डोकं शांत राहतं. पाणी जास्त असलं की ते हळू तापतं. खोल टँकपेक्षा लांब-रुंद टँक चांगला, कारण प्राणवायू पृष्ठभागावरून आत जातो.

टँकमधली उष्णता आधी बाहेर काढा

पहिला हीटर. टँकचा सेट घेताना दुकानात हमखास ऐकू येतं, "काका, सेटमध्ये हीटर आहेच, लावून टाका." कोकण किनाऱ्यावर गोल्डफिशला वर्षातल्या कुठल्याही महिन्यात हीटर लागत नाही. जानेवारीत दापोलीला थंडी पडते, तीही या माशाला मानवते. स्वस्त हीटरचा थर्मोस्टॅट अडकला की तो बंदच होत नाही, आणि रात्रीत पाणी ३५ च्या वर जातं. हीटर बंद करून टँकमध्येच ठेवू नका. काढून डब्यात टाका, म्हणजे कुणी चुकून बटण दाबणार नाही. काढण्यापूर्वी प्लग ओढा आणि पंधरा मिनिटं थांबा, गरम हीटर एकदम हवेत काढला की काच तडकते.

दुसरा दिवा. एलईडी असेल तर ठीक, पण तोही काचेच्या झाकणावर टेकलेला नको. उन्हाळ्यात संध्याकाळी दोन-तीन तास पुरे.

तिसरं झाकण. काचेचं किंवा प्लास्टिकचं बंद झाकण वाफ आत कोंडतं. ते काढून त्या जागी मच्छरदाणीच्या जाळीची चौकट बसवा. जाळी हवीच. पाली आहेत, मांजर आहे, आणि कधी कधी मासाही उडी मारतो.

हवा

एअर पंप चोवीस तास चालू. रात्री आवाज होतो म्हणून पंप बंद करण्याची सवय अनेक घरांत आहे, आणि नेमकी रात्रच वाईट असते. टँकमध्ये झाडं असतील तर ती अंधारात प्राणवायू सोडत नाहीत, उलट घेतात. म्हणून पहाटे प्राणवायू सगळ्यात कमी असतो. सकाळी उठून मासे वर येऊन तोंड मारताना दिसतात ते यामुळे.

हे तोंड मारणं नीट बघून ठेवा. खाण्यासाठी वर आलेला मासा चटकन येतो, घास घेतो, खाली वळतो. गुदमरलेला मासा पृष्ठभागाशी तिरपा टांगल्यासारखा राहतो, ओठ अगदी पाण्याच्या रेषेवर, कल्ल्यांची झापडं भराभर उघडझाप करतात, आणि तुम्ही जवळ गेलात तरी तो हलत नाही. फिल्टरचं पाणी जिथे पडतं तिथे सगळे दाटीने जमतात. हा आजार नाही. दुकानातून निळं किंवा पिवळं औषध आणून टाकलं तर दिवस वाया जातो. काही औषधं तर पाण्यातला प्राणवायू आणखी कमी करतात.

बुडबुडे किती मोठे दिसतात याला फार अर्थ नाही. पाण्याचा वरचा थर हलतो का, ते बघा. फिल्टरचं तोंड असं वळवा की पृष्ठभागावर सतत लाटा उठतील. दोन एअर स्टोन, म्हणजे पंपाच्या नळीला लावायचे बुडबुडे सोडणारे दगड, दोन टोकांना ठेवा. स्पंज फिल्टर असेल तर स्पंज दर आठवड्याला टँकमधूनच काढलेल्या पाण्यात पिळा. नळाखाली धरू नका, त्यातले उपयोगी जीवाणू क्लोरिनने मरतात आणि अमोनिया वाढतो.

आता विजेचं. एप्रिल-मेत वळवाचा पाऊस आला की वीज जाते, आणि नेमकं त्याआधीच्या दुपारी कमालीचं उकडलेलं असतं. बॅटरीवर किंवा पॉवर बँकेवर चालणारा छोटा एअर पंप घरात ठेवा आणि महिन्यातून एकदा चालवून बघा. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनजवळ किनाऱ्यावर आलं, तेव्हा रायगड आणि उत्तर रत्नागिरीतल्या कित्येक गावांत आठवडे वीज नव्हती. इतक्या काळाला कुठलीच बॅटरी पुरत नाही. मग उरतो तांब्या: टँकमधलं पाणी भरून घ्यायचं आणि हातभर उंचीवरून परत टँकमध्येच ओतायचं, पाच मिनिटं सलग, दर तासा-दोन तासांनी. कंटाळवाणं काम आहे, पण त्याने मासे वाचतात. चारा त्या दिवसांत अजिबात नाही.

पंखा: मार्चमध्ये राजा, मेमध्ये हतबल

टँकच्या पृष्ठभागावरून वारा गेला की पाण्याची वाफ होते आणि वाफ होताना ती पाण्यातली उष्णता घेऊन जाते. छोटा टेबलफॅन किंवा क्लिपचा पंखा पाण्याच्या पातळीपासून थोडा वर, तिरपा लावा. वारा काचेवर आदळून उपयोग नाही, तो पाण्यावरून सरकला पाहिजे.

कोकणात मात्र हा उपाय ऋतू बघून काम करतो. घरातला माठ आठवा: मार्चमध्ये त्यातलं पाणी दातांना लागतं, आणि मे संपताना तोच माठ जेमतेम थंड पाणी देतो. मार्चमध्ये जमिनीवरून पूर्वेचा कोरडा वारा येतो, समुद्रावरचा वारा उशिरा सुटतो, आणि रत्नागिरीसारख्या ठिकाणी पारा ३७-३८ च्या पुढे जातो. ऐकायला भयंकर वाटतं, पण हवा कोरडी असते. ३७ अंश आणि ३० टक्के आर्द्रता असेल तर बाष्पीभवनाने पाणी गार होण्याची सीमा २४ अंशांच्या आसपास आहे. प्रत्यक्षात तिथपर्यंत पोचत नाही, पण पंखा तीन-चार अंशांचा फरक सहज पाडतो. मे महिन्यात ३३ अंश आणि ७० टक्के आर्द्रता असते, तेव्हा तीच सीमा २८ अंशांवर येते. कितीही पंखे लावले तरी त्याखाली जाता येत नाही. एक-दोन अंश मिळाले तर समाधान माना.

म्हणून पंखा फेब्रुवारीअखेरीसच लावा आणि मेमध्ये त्याच्या जोडीला पुढचे उपाय घ्या. पंख्यामुळे पाणी रोज आटतं. आटलेल्या पाण्यातले क्षार आणि घाण मागेच राहते. त्यामुळे वरून भर घालणं म्हणजे पाणी बदलणं नव्हे, दोन्ही करावं लागतं. पंख्याची, पंपाची वायर सॉकेटपर्यंत जाताना मध्ये खाली झोका घेईल अशी सोडा, म्हणजे वायरवरून ओघळलेला थेंब सॉकेटमध्ये न जाता तिथेच गळेल. पाण्यात हात घालण्यापूर्वी सगळे प्लग काढायचे, यात सवलत नाही.

पाणी बदलताना

उन्हाळ्यात एकदम अर्धा टँक रिकामा करण्यापेक्षा आठवड्यातून दोनदा १५ ते २० टक्के पाणी बदला. आणि हे पाणी कुठून आणता, याकडे बारकाईने बघा.

गच्चीवरच्या काळ्या टाकीतलं पाणी दुपारी अंगावर घेववत नाही इतकं गरम असतं. दुपारी दोन वाजता नळ सोडून टँकमध्ये भर घातली, आणि संध्याकाळी मासे उताणे, असं दर उन्हाळ्यात कुठे ना कुठे घडतं. टाकीचं पाणी घ्यायचंच असेल तर पहाटे घ्या, बादलीत भरून माजघरात ठेवा आणि संध्याकाळी वापरा. नळाला नगरपालिकेचं क्लोरिनचं पाणी असेल तर अँटी-क्लोरिनचे थेंब आधी बादलीत घाला.

विहिरीचं पाणी कोकणात मोठा आधार आहे. खोल विहिरीचं पाणी भर मेमध्येही २६-२७ अंशांच्या आसपास असतं, क्लोरिन नसतो. पण ते तसंच ओतू नका. जमिनीतून आलेल्या पाण्यात प्राणवायू कमी असू शकतो. बादलीत एअर स्टोन सोडून दोन-तीन तास हवा खेळवा. जांभ्यातलं पाणी बहुधा मऊ आणि किंचित आम्लधर्मी असतं. माशाला ते चालतं, फक्त पीएच एकाएकी बदलायला नको, म्हणून थोडं थोडं. खाडीलगतच्या किंवा समुद्राजवळच्या वाड्यांत एप्रिलनंतर विहिरीला खारटपणा येतो. जिभेला मचूळ लागलं तर ते पाणी टँकला नको.

नवं पाणी आणि टँकचं पाणी यांत दोन अंशांपेक्षा जास्त फरक नसावा. थर्मामीटर दोन्हीकडे बुडवून बघा, अंदाजावर जाऊ नका.

बर्फाची बाटली

आकडा ३० च्या वर टिकून राहिला तर हा उपाय. एक लिटरची स्वच्छ प्लास्टिकची बाटली पाऊण भरा, वर जागा सोडा, झाकण घट्ट लावून फ्रिजरमध्ये ठेवा. अशा तीन-चार बाटल्या असल्या की फेर चालतो. गोठलेली एक बाटली पन्नास लिटरच्या टँकमध्ये सोडली की पाणी जास्तीत जास्त दीड-पावणेदोन अंशांनी उतरतं, तेही हळूहळू. बाटली बाहेरून धुवूनच टाका. फ्रिजरमध्ये बांगड्याशेजारी पडलेली बाटली तेलकट असते. ती तरंगते, काच आणि बाटली यांच्यामध्ये मासा अडकणार नाही अशा कोपऱ्यात फिल्टरच्या धारेजवळ ठेवा, म्हणजे गार पाणी पसरेल.

वेळ महत्त्वाची. पाणी ३१ वर पोचल्यावर धावण्यापेक्षा दुपारी बाराला पहिली बाटली आणि तिनेकला दुसरी, असं केलं तर आकडा चढतच नाही. तासाला एक अंशापेक्षा जास्त वेगाने पाणी थंड करू नका. दुपारी २६ आणि रात्री ३१ असा झोका रोज बसत असेल, तर स्थिर ३० त्याहून बरं. रोज बाटल्या टाकणं जमणार नसेल तर सुरूच करू नका. पंखा, हवा आणि कमी चारा यांवरच भर द्या.

सुटा बर्फ थेट पाण्यात नको. घरच्या ट्रेमधल्या बर्फात नळाचा क्लोरिन असू शकतो. बंदरावरचा, म्हावऱ्याच्या पेटीतला बर्फ तर अजिबात नाही.

काहीजण टँकभोवती ओलं पोतं गुंडाळतात. काचेच्या टँकला त्याचा उपयोग मर्यादित. पण परसातल्या सिमेंटच्या टाकीला किंवा दगडी डोणीला ओलं पोतं आणि वारा मार्चमध्ये चांगला गुण देतात. बाहेरच्या टाकीवर माडाच्या झावळ्यांचा मांडव घाला, किंवा शेडनेट, पण पाण्यापासून हात-दीड हात वर, मधून वारा जाईल असं. टाकीचं पाणी हिरवंगार झालं असेल तर पहाटे तिथेही प्राणवायू खाली जातो. एअर स्टोन तिथेही हवा.

एसीच्या खोलीत टँक असेल तर उत्तमच, एसी रोज साधारण त्याच वेळी चालत असेल तर. चिलर नावाचं यंत्र मिळतं, महाग असतं, वीज खातं आणि पाण्यातून काढलेली उष्णता खोलीतच सोडतं. नवख्याने त्यात पैसे घालण्यापेक्षा मोठा टँक घ्यावा.

चारा

२८ पर्यंत नेहमीसारखा, दिवसातून दोनदा, दोन मिनिटांत संपेल एवढा. २८ ते ३० असेल तर एकदाच, सकाळी, निम्मा. ३० च्या वर गेलं तर एक दिवसाआड चिमूटभर, आणि ३२ च्या वर पूर्ण बंद. खाल्लेलं पचवायला माशाला जास्त प्राणवायू लागतो, आणि तो खाल्ल्यानंतर काही तास लागत राहतो. म्हणून दुपारी चारा नकोच. सकाळी दिला की पचनाचा भार उन्हं चढण्याआधी निम्मा उरकतो. धडधाकट गोल्डफिश दोन-चार दिवस उपाशी राहिला तर त्याला काही होत नाही. भिजवलेल्या गोळ्या द्या, तरंगणाऱ्या सुक्या गोळ्या गिळताना तो हवा पण गिळतो आणि गोल अंगाचे मासे मग उलटे तरंगू लागतात.

मे महिन्यात एक वेगळंच संकट असतं. मुंबईहून चाकरमानी येतात, घरात पोरं भरलेली असतात, आणि प्रत्येकाला मासे खाताना बघायचे असतात. "आत्या, मी एकदाच टाकला" असं पाचजण म्हणतात आणि संध्याकाळी पाणी दुधाळ दिसतं. चाऱ्याचा डबा कपाटात ठेवा. रोजचा वाटा एका छोट्या डबीत काढून एकेका मुलाला एकेक दिवस वाटून द्या. मुलं हे नियम मोठ्यांपेक्षा काटेकोर पाळतात.

अचानक पाणी तापलं तर

घरी आलात, थर्मामीटर ३३ दाखवतोय, मासे वर टांगलेले आहेत. क्रम असा ठेवा.

हीटर, दिवा बंद. झाकण काढा. हवेचं जे काही साधन आहे ते पूर्ण जोरात, नसेल तर तांब्याने पाणी वरून ओतायला सुरुवात करा. तापमानाला हात घालण्याआधी श्वास, हे विसरू नका. मग खिडकीचं ऊन अडवा, पंखा लावा. बादलीत साठवलेलं पाणी २९-३० अंशांचं असेल तर पाचवा हिस्सा पाणी बदला, सावकाश, मगने, अर्ध्या तासात मिळून. त्यानंतर एक बाटली. तासाने बघा. मासे खाली उतरून पोहू लागले की तिथेच थांबा, उरलेले अंश दुसऱ्या दिवशी उतरवा. गुदमरलेल्या माशाला उचलून गार पाण्याच्या बादलीत टाकू नका; या धक्क्याने वाचणारा मासाही जातो.

मेलेला मासा लगेच काढा आणि पुरा. जिवंत मासे सांभाळवत नाहीत म्हणून गावच्या विहिरीत, पऱ्यात किंवा नदीत सोडू नका. गोल्डफिश तिथे तगला तर तिथल्या माशांचं खाणं आणि अंडी संपवतो. कुणी पाळणारा शोधून द्या.

मासे कधी आणावेत

नोव्हेंबर ते जानेवारी. एप्रिल-मेत नवे मासे आणूच नका, दुकानात कितीही सुंदर दिसले तरी. प्रवासाचा ताण, नवं पाणी, नवा टँक आणि वर उष्णता, एवढं सगळं एकदम माशाला पेलत नाही. नव्या टँकमध्ये अमोनिया जिरवणारे जीवाणू तयार व्हायला महिना-दीड महिना लागतो, तेवढा वेळ हिवाळ्यात मिळतो. मुंबईहून आणत असाल तर रात्रीच्या गाडीने आणा. पिशव्या थर्माकोलच्या खोक्यात ठेवा. गाडीच्या डिकीत किंवा एसटीच्या उन्हाच्या बाजूच्या खिडकीशी नाही. अडचण आली तर रत्नागिरीजवळ शिरगावला मत्स्य महाविद्यालय आहे, तिथली माणसं या विषयातली आहेत.

माझं प्रामाणिक मत विचाराल तर, तिसऱ्या मजल्यावर स्लॅबखाली, एका खोलीत, एसी नसताना राहणाऱ्याने गोल्डफिशचा हट्ट धरू नये. गप्पी, मॉली, गुरामी हे मासे २८-३० अंशांत मजेत असतात, आणि गुरामी तर पृष्ठभागावर येऊन हवेतूनही श्वास घेतो. ज्यांना जागा आणि पाणी दोन्ही आहे, त्यांनी गोल्डफिश जरूर पाळावा. नीट सांभाळलेला गोल्डफिश दहा-पंधरा वर्षं जगतो.

पहिला पाऊस आणि नंतर ऑक्टोबर

मृगाचा पाऊस सुरू झाला की दोन दिवसांत हवा चार-पाच अंशांनी उतरते. घरातला टँक सावकाश निवतो, त्याला काही करायला नको. बाहेरच्या टाकीत मात्र पागोळ्यांचं पाणी पडू देऊ नका: पहिल्या पावसात कौलांवरची वर्षभराची धूळ, पालापाचोळा आणि पक्ष्यांची विष्ठा धुऊन येते, आणि इतक्या मऊ पाण्याने पीएच एका रात्रीत ढासळतो. टाकीवर पत्रा तिरपा टाका आणि जादा पाणी जाण्यासाठी काठाशी जाळी लावलेली वाट ठेवा, नाहीतर मासे अंगणातून वाहून जातात.

सकाळचा आकडा सलग आठवडाभर २७ च्या खाली राहिला की चारा वाढवायला घ्या, एकदम दुप्पट न करता थोडा थोडा. बर्फाच्या बाटल्या फ्रिजरमधून काढल्या तरी चालतील. पंखा आणि जाळीची चौकट मात्र माळ्यावर टाकू नका. सप्टेंबरअखेर पाऊस ओसरतो, आभाळ मोकळं होतं, ऑक्टोबरमध्ये जमीन ओली, ऊन कडक आणि हवा कोंदट असते, आणि टँक पुन्हा ३० कडे चढू लागतो. तोवर लोकांनी थर्मामीटर बघायचं सोडलेलं असतं. नवरात्र बसलं की कॅलेंडरवर सकाळ-दुपारचे आकडे परत लिहायला लागा, आणि दिवाळीनंतर पहाटे गारवा जाणवू लागेपर्यंत लिहीत राहा.